बुगडी, हेडफोन आणि त्या दोघी

आमच्या टीव्हीखालच्या खणात सध्या चार वस्तू पडून आहेत. एक स्पीकर, कानात घालायच्या शेंगदाण्याएवढ्या गोळ्यांची एक डबी, एक गळ्यात अडकवायचा पट्टा, आणि पहिला हेडफोन. डबीत एकच गोळी उरलीय, दुसरी कुठं गेली ते सासूबाईंच्या गोधडीलाच माहीत. चारही वस्तू मी निवडल्या, मी आणल्या, आणि चारही वेळा "हे नाय जमत बाई" एवढंच ऐकून घेतलं. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, "तूच बघ ना, तुला कळतं त्यातलं." मला काय कळतं? मी गणिताच्या शिकवण्या घेते.

सगळा खटाटोप सासूबाईंसाठी. वय ऐंशीच्या आसपास, माहेर गंगापूरकडचं, आणि आयुष्यभर बोलण्यात कुणाला हार न गेलेली बाई. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना दारात उभं करून गप्पा मारायच्या. दोन वर्षांपूर्वी ऐकू येणं कमी झालं. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. ते त्यांनी एक दिवस घातलं, एका बारशात कुणीतरी "ऐकू येत नाही का हो आता?" म्हणून विचारलं, आणि संध्याकाळी ते मशीन देवघराच्या फडताळात गेलं. "मी काय बहिरी हाय का?" म्हणाल्या. तो विषय संपला.

मग घरातलं बोलणं आटलं. खोटं कशाला बोलू, आम्हीच आटवलं. एकेक वाक्य तीनतीनदा ओरडून सांगायचा कंटाळा येतो. दिवसभरात त्यांच्या वाट्याला तीन वाक्यं यायची, तीही वरच्या पट्टीत. जेवलात का, गोळी घेतली का, पंखा बंद करू का. त्या मान डोलवायच्या. कधीकधी चुकीच्या प्रश्नाला डोलवायच्या. आणि मला एक वाईट सवय लागली. ओट्याकडे तोंड करून, त्यांच्याकडं पाठ करून, मनात येईल ते मोठ्यानं बोलायची. त्या चार हातांवर बसलेल्या असायच्या आणि मी तेवीस वर्षांचं साठलेलं फरशीला ऐकवायची. घरातल्या घरात तेवढीच एक मोकळीक होती मला.

पॉडकास्टचं खूळ माझ्या लेकीचं. ती पुण्यात नोकरीला असते. दिवाळीत आली तेव्हा तिनं आजीला फोनवर एक पॉडकास्ट लावून दिला. सोफ्यावर दोन बायका बसतात, हातात चहा, आणि तास तासभर सासरच्या गोष्टी करतात. कुणाच्या सासूनं काय म्हटलं, कुणी कसं गिळलं, कुणी कसं उलटून सांगितलं. सासूबाई रंगून गेल्या. "त्या दोघी लाव" हे आमच्या घरातलं चौथं वाक्य झालं. मला तर कळेचना. आख्खं आयुष्य स्वतः सासू म्हणून काढलं आणि आता दुसऱ्यांच्या सुनांची गाऱ्हाणी मिटक्या मारत बघायची?

बघायला हरकत नव्हती. पण फोन माझा, आवाज पूर्ण चढवलेला, आणि वेळ बरोबर माझ्या शिकवणीची. आतून त्या दोघी कुणाच्या तरी नणंदेचे वाभाडे काढतायत आणि बाहेर मी समीकरणं सोडवतेय. पोरी वह्यांत तोंड घालून हसायच्या. म्हणून स्पीकर आणला, म्हटलं जवळ ठेवला की हळू आवाजात भागेल. भागतंय कसलं? त्यांनी तोही पूर्ण चढवला. तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली, त्या तिसऱ्या भागातल्या सुनेचं पुढं काय झालं. मला हसावं का रडावं कळेना.

मग कानातल्या गोळ्या आणल्या. त्यांच्या कानात ठरेनात. एक वरणाच्या वाटीत पडली, धुऊन पुसून परत घातली, दुसरी गोधडीत गेली ती गेली. मग लेक फोनवरून म्हणाली, "आई, गळ्यातला पट्टा घे, हरवायचा प्रश्नच नाही." घेतला. त्याच्या टोकांना लोहचुंबक असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या बांगड्यांत चार आणि पदराला दोन सेफ्टी पिना कायम. पट्ट्याचं टोक कानातून निसटलं की नेम धरल्यासारखं पिनेला जाऊन चिकटायचं. ते सोडवायला मला हाक. मी पोळी टाकून जायची, सोडवायची, परत यायची, तोवर पोळी करपलेली. ओट्याकडं तोंड करून मी काय काय बोलले असेन ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लेकीच्या जुन्या टॅबचं त्यातल्या त्यात बरं झालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना फोनचा पडदा लहान पडत होता, टॅब मांडीवर घेऊन बसायला लागल्या. पण तिथंही नवीन तक्रार. त्यातल्या एका बाईच्या तोंडासमोर मोठा माइक असतो.

"तिला सांग तोंडापुढचं ते काढायला," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, ते रेकॉर्डिंगचं आहे. ते काढलं तर आवाज कसा येईल?" मी ओरडून सांगितलं.

"त्या दुसरीचं तोंड दिसतं. हिचंच दिसत नाय."

"ऐकायचं असतं ते. तोंड बघून काय करायचंय?"

त्यांनी मान डोलवली आणि टॅब तिरका करून पाहिला, जसं काही तिरका केल्यावर माइकच्या मागचं दिसणार होतं. मी कपाळाला हात लावला. या बाईला मुद्दाम मला छळायचंय, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं.

शेवटी औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले. तिथं एका गल्लीत मोबाइलच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे, मालक पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, घाई कधीच नाही. त्यांच्याकडून कानावर बसणारा मोठा हेडफोन घेतला. घरी आणून सासूबाईंच्या डोक्यावर चढवला तर लगेच काढला.

"टोचतंय."

टोचणारच. त्यांच्या दोन्ही कानांच्या वरच्या पाळीत मोत्यांच्या बुगड्या आहेत. त्यांच्या आईनं लग्नात घातलेल्या. फिरकी कधीच घट्ट बसलीय, साठ वर्षांत निघालेल्या नाहीत, आणि काढायचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा पडतो. हेडफोनची कड बरोबर त्या मोत्यांवर दाबायची. आता हे कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं असतं? बॅटरी किती तास चालते ते लिहितात, बुगडीवर बसतो का ते कुणी लिहीत नाही.

मी परत दुकानात गेले आणि सगळा राग त्या मालकांवर काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई," ते म्हणाले, "अम्मींना घेऊन या. तुम्ही तुमच्या कानाला बघून घेऊन जाताय. कान तर त्यांचा आहे ना?"

बोलणं खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना रिक्षात घालून औरंगपुऱ्यात नेलं. रिक्षात वाटभर काही बोललो नाही आम्ही, म्हणजे रोजच्यासारखंच. दुकानात मालकांनी स्टूल दिलं, स्वतः गल्ल्यामागून उठून समोर आले, त्यांच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणला आणि साध्या आवाजात, सावकाश विचारलं, "कुठलं गाव, अम्मी?"

"गंगापूर," सासूबाई म्हणाल्या.

मग जे सुरू झालं ते मी बघतच राहिले. गंगापुरात मालकांची मावशी राहायची. ऊस, जीपची गर्दी, कुठल्याशा विहिरीचं गोड पाणी, सगळं निघालं. सासूबाई एकही उत्तर चुकल्या नाहीत. हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना पदर तोंडाला लावून हसताना पाहिलं. आणि तो माणूस एकदाही ओरडला नव्हता.

"तुमच्याशी कसं काय बोलता येतं यांना?" मी विचारलं.

"आमच्या अब्बांचं पण असंच आहे," ते म्हणाले. "तोंड बघून ऐकतात. पाठ फिरवली की खलास. तुम्ही घरी कसं बोलता?"

माइकच्या मागं तोंड शोधणारा तो तिरका टॅब माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव. "दाखवा लवकर काय ते," एवढंच म्हणाले.

त्यांनी जाड, मऊ उशीचा एक हेडफोन काढला. बुगडी उशीत रुतून बसली. सासूबाई म्हणाल्या, "थोडं लागतंय, पण राहू दे." मालकांनी कडेचं एक बटण दाखवलं. "हे दाबलं की बाहेरचा आवाज पण आत येतो, मोठा होऊन. रोडवर चालताना पीछे से गाडी आली तर कळायला पाहिजे ना." मी म्हटलं, यांना कुठं रस्त्यावर चालायचंय. त्यांनी मात्र ते बटण सासूबाईंनाही दाखवलं, बोट धरून दोनदा. माझं लक्ष नव्हतं, मी रिक्षा बघत होते.

चार दिवस बरे गेले. म्हणजे मला तसं वाटलं. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं.

पाणी यायच्या दिवशी आमच्या पुंडलिकनगरात कुणी माणसासारखं वागत नाही, मी तर नाहीच. आज भरलं नाही तर आठवडाभर बोंब. टाकी, ड्रम, पिंप, हंडे, वर सिंकमध्ये कालची भांडी. नवरा ड्युटीवर. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या, डोक्यावर पदर, पदरावर हेडफोन, मांडीवर टॅब. त्यांना तसं निवांत बसलेलं बघितलं आणि माझं डोकं सणकलं. ओट्याकडं तोंड केलं आणि सुरू झाले.

"यांचं बरंय. मी मरतेय पाण्यामागं आणि यांना त्या दोघी पाहिजेत. चार वस्तू आणल्या, पाचवी आणली, एकदा तोंडातून चांगलं झालं असं निघालं नाही. त्या दोघींच्या सासवा वाईट, हे ऐकायला तासन्तास वेळ आहे. माझं कुणी ऐकलंय? माझी आई गेली. लेकीचं सुतक तीन दिवसांचं म्हणून चौथ्या दिवशी यांनी बोलावून घेतलं मला. पाहुणे येणार होते म्हणे. आईची राखसुद्धा थंड झाली नव्हती, आणि मी इथं पंचवीस माणसांच्या पोळ्या लाटत होते..."

हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. फक्त त्या फरशीला ठाऊक होतं.

"नळ बंद कर."

मला वाटलं, भास झाला.

"नळ बंद कर गं. कानात आदळतंय ते पाणी."

मी नळ बंद केला. वळले. टॅबचा पडदा काळा होता. हेडफोनच्या कडेला, त्या बटणाजवळ, बारीक हिरवा दिवा लागलेला होता.

"कधीपासून..." मी विचारलं.

"मघापासून. त्या दोघी बंद केल्यात मी," त्या म्हणाल्या. "तुझंच ऐकतीय. दोन वर्षं झाली, तू तिकडं तोंड करून बोलतीस. शब्द कळायचे नाय. बोलतीस हे मात्र मानंवरून कळायचं."

"आई, मी तसं नाही..."

"तसंच. तिकडच्या सुना दुनियेला सांगतात, आपली भिंतीला सांगती. मला काय वाटत असंल?" त्या थांबल्या. "मला जेवलात का, एवढंच विचारता सगळे. मी रागवावं, भांडावं, असं कुणीच बोलत नाय माझ्याशी."

मला रडू फुटलं. सुचलं तेवढंच केलं, स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल असं. तेव्हा हेडफोनची उशी जराशी सरकली आणि खालचा त्यांचा कान दिसला. बुगडीभोवती लालबुंद झाला होता. एवढा वेळ दुखत असूनही त्यांनी हेडफोन काढला नव्हता.

"काढा तो. लागतंय तुम्हाला."

"लागू दे," त्यांनी माझा हात बाजूला केला. "बोल आता. चौथ्या दिवशी काय?"

मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं, हळू आवाजात, तोंडावर. त्यांनी मध्ये एकदाही मान डोलवली नाही. माझं झाल्यावर त्यांनी पदरानं आधी माझं तोंड पुसलं आणि मग स्वतःचं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. इतकं हळू की पाणी चालू असतं तर मला ऐकू आलं नसतं.