कमानीपाशी थांबलेला बंब

“साहेब, शिडी अडकतीय! गाडी पुढं घेऊ नका!”

माझा फायरमन ओरडला आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. समोर गावाची कमान, पलीकडे काळा धूर, आणि आमच्या बंबात टाकीभर पाणी. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही अडकलो होतो.

मी तेव्हा अग्निशमन दलात स्टेशन ऑफिसर होतो. आगीचा निरोप आला की त्याला आम्ही वर्दी म्हणतो. वर्दी होती विलास मंडपवाल्याच्या घराची. खाली मंडपाच्या कापडाचं गोडाऊन, वर राहतं घर. विलास बाहेरगावी. वरच्या खोलीत त्याची बायको सुनीता अडकली होती. जिना गोडाऊनमधूनच, खिडक्यांना लोखंडी गज.

ही कमान जुनी वगैरे नव्हे. गाव महापालिकेत जाणार हे पक्कं झालं, तेव्हा ग्रामपंचायतीकडे निधी शिल्लक होता. तो शहराच्या घशात कशाला घालायचा? गटारं बांधायला वेळ लागतो, कमान लवकर होते आणि दिसतेही. दोन सिंह, वर कळस, खाली सगळ्या सदस्यांची नावं. उंची ट्रॅक्टरच्या हिशेबानं. बंबाचा विचार कोण करतो?

गाव आमच्या हद्दीत आल्यावर मी गाडी घेऊन रस्ते बघायला गेलो होतो. टपावरची शिडी तेव्हाही कमानीला टेकली; ती उतरवली तरी टप अडकत होता. माजी सरपंच आबा शेजारीच उभे होते. विलास त्यांचा चुलतभाऊ.

“आबा, ही कमान काढावी लागेल. आग लागली तर बंब आत येणार नाही.”

“पंचायत काढली, आता कमान बी काढता? गावाची इज्जत हाय ती, साहेब. आन असं अभद्र कशाला बोलता?”

मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो. तिथले अभियंते चहा पीत होते.

“कमान आमच्या रेकॉर्डला नाही. जी आमची नाही, ती आम्ही कशी पाडायची?”

“मग आम्ही पाडतो.”

“अहो, तुम्ही कोण पाडणारे? आपण प्रस्ताव पाठवा.”

पाठवला. दोनदा पाठवला. निवडणुका लांबलेल्या, त्यामुळे गावाला सरपंच उरला नव्हता आणि नगरसेवक मिळाला नव्हता. साहेबांच्या टेबलावर हात आपटायला कोणी नाही. मी आपटून बघितला, माझाच दुखला.

आणि आता ही वर्दी. मागचा रस्ता एका सोसायटीनं भिंत घालून बंद केलेला. लहान गाडी दुसऱ्या आगीवर. मी पोरांना होज पायी ओढायला लावले. होज म्हणजे पाण्याचे जाड पाइप. एकाला एक जोडत गेलो, पण अंतर वाढलं की पाण्याचा जोर मरतो. आमच्यातले दोघं पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पळत पुढे गेले. जिन्याच्या तोंडाशी ज्वाळा होत्या. पाण्याशिवाय आत जाणं म्हणजे मरायलाच जाणं. सुनीताचा आवाज आधी येत होता. मग यायचा थांबला.

एवढ्यात आबा स्वतः जेसीबी घेऊन आले. ड्रायव्हरला शिव्या हासडत होते. “पाड रं! बघतो काय माझ्याकडं? पाड!”

कमान पडली. पडली ती रस्त्यावरच. ढिगारा बाजूला करण्यात आणखी वेळ गेला. बंब आत पोचला, आम्ही जिन्यातली आग दाबली, वर गेलो. सुनीता बाथरूममध्ये होती. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला. शहाणी बाई, तिला जे करता येत होतं ते सगळं तिनं केलं होतं. आम्ही तिला खाली आणलं, घाईचा उपयोग उरला नव्हता म्हणून हळू आणलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी गणवेशातला अधिकारी असूनही रडलो.

आबा रस्त्यात बसले होते. “साहेब, तुमी तवा चार शिव्या देऊन का नाय पाडली?” मी त्यांच्याशेजारी बसलो.

पुढच्या आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयातून आबांना नोटीस आली. विनापरवानगी सार्वजनिक मालमत्ता पाडल्याबद्दल.

मी तडक तिथं गेलो. अभियंत्यांना म्हटलं, “कमान तुमची कधीपासून झाली?”

“पडल्यापासून,” ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते. नुकसान झालं की मालक ठरवावाच लागतो, असा नियम त्यांनी मला समजावून सांगितला.

नोकरीत एवढंच शिकलो. सरकार गावातलं असो की शहरातलं, जिवंत माणसासाठी त्याला प्रस्ताव लागतो. मेलेल्यासाठी ते आपण होऊन येतं.