गोपिकाचं दप्तर

पोरांना ‘घाबरू नका’ म्हणण्याचा पगार घेणारी बाईच अख्ख्या शाळेत सगळ्यांत भित्री निघावी, असा योग सेलूकडच्या त्या प्राथमिक शाळेनं जुळवून आणला होता. रंजिता पालीला भ्यायची, माईकला भ्यायची, मुख्याध्यापक प्रेमदास सरांचा फोन आला तर उभी राहून बोलायची. पिपरी मेघेहून स्कूटीनं येताना मागून ट्रकचा हॉर्न वाजला की गाडी सरळ रस्त्याखाली उतरवायची. खोलीच्या दारावर मात्र ‘समुपदेशक’ अशी ठसठशीत पाटी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! शिकवत नाहीत तर ह्या मॅडम करतात तरी काय, हे गावाला कळत नव्हतं. ते सरांनाही कळत नसावं, कारण पोरांची माहिती ऑनलाइन भरायचं काम त्यांनी तिच्याच गळ्यात मारलं होतं.

पण भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती लांबून ओळखू येते. हा एवढा एक गुण तिच्यापाशी होता आणि त्यावरच तिची नोकरी चालली होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी तिसरीच्या सुलोचनाबाई गोपिकाला दंडाला धरून घेऊन आल्या. “काहीतरी लफडं आहे इचं, मॅडम. दहा दिवस झाले, दप्तर सोडूनच नाई राह्यली. खिचडी खायले दप्तर, संडासले दप्तर. काल वर्गातल्या दोन कंपास गायब झाल्या. दप्तर उघड म्हटलं त चावली मले!” त्यांनी मनगट पुढं केलं. दातांचे ठसे स्पष्ट होते.

रंजितानं बाईंना वर्गात पाठवलं आणि स्वतः सतरंजीवर बसली. गोपिका दप्तर पोटाशी धरून भिंतीला टेकली. ही चोराची भीती नव्हे, हे रंजिताला बघताक्षणी कळलं. चोर दाराकडे बघतो. ही पोर दप्तराच्या चेनकडे बघत होती.

“जड आहे का गं?” रंजितानं विचारलं.

“हो.”

“थोडा वेळ मी धरू?”

गोपिकानं दप्तराचा पट्टा आणखी घट्ट धरला. मग गोपिकानं हळूच विचारलं, “आईले नाई सांगसान?”

इथं हो म्हटलं की पोर बोलणार, हे रंजिताला ठाऊक होतं. पण खोटा शब्द द्यायचीही तिला भीतीच. “सांगावं लागलं त तुले विचारून सांगीन,” ती म्हणाली.

गोपिकानं चेन उघडली आणि आधी वास आला. भाजीपाला पिकवणाऱ्या त्या गावात तो वास पाळण्यातलं पोरही ओळखतं. वह्यांच्या खाली, आईच्या जुन्या ब्लाउजमध्ये गुंडाळलेली, फवारणीच्या औषधाची अर्धी भरलेली बाटली होती.

दहा दिवस! एका वर्गात चाळीस पोरं, त्याच दप्तरात डबा, पाण्याची बाटली, आणि झाकण तर नुसतं वरवर फिरवलेलं. तिला किंचाळावंसं वाटलं, पळून जावंसं वाटलं. पण आपण किंचाळलो तर ही पोर पुन्हा जन्मात कुणाला काही सांगायची नाही. ती कशीबशी म्हणाली, “हे शाळेत काऊन आणलं बाई?”

“आई म्हन्ते, पिऊन घेतो एखाद्या दिवशी औषध. मी घरी असली त लक्ष ठेवतो. शाळेत आली म्हणजे कोन पाह्यन?”

रंजितानं बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोरीचे आणि स्वतःचे हात साबणानं दोनदा धुतले. धुताना साबण तीनदा निसटला.

प्रेमदास सरांनी ऐकून घेतलं आणि ते चक्क हसले. “अहो मॅडम, बोलणंच आहे ते. आमच्या घरची दिवसातून दोनदा औषध पिते! तिच्या बापाले, मुकेशले बोलवा, बाटली द्या त्याच्या हातात, पोरीले दम भरा. बोभाटा नका करू, शाळेचं नाव खराब होईन.”

सर खोटं बोलत नव्हते. या भागात भाजी करपली, पोरगं ऐकेना, सासू टोचून बोलली, की बाया हेच म्हणतात आणि म्हणता म्हणता कणीक मळायला बसतात. रंजितानं स्वतः परवाच आपल्या मुलाला ऐकवलं होतं. ऐकणारेही कान झटकून मोकळे होतात. कान झटकले नव्हते ते फक्त गोपिकानं.

“बाटली त्या घरी जाणार नाही, सर,” रंजिता म्हणाली. आवाज चिरकला, पण शब्द निघाले. “आणि आधी मी तिच्या आईशी बोलते.”

गोपिकाला विचारूनच तिनं निरोप धाडला. तिची आई शालू वावरातून तशीच आली, नखांत माती, पदर खोचलेला. सगळं ऐकून ती हसली. “पोट्टी येडी आहे, मॅडम. राग आला म्हणजे बोलतो आपुन.”

रंजिताला ते खरं मानावंसं फार वाटलं. चहा पाजावा, घरी पाठवावं, आणि सुटावं. सरळ विचारलं तर नसलेलं मनात भरवल्यासारखं होईल, ही भीती होतीच. तसं होत नाही, उलट माणूस मोकळं होतं, असं नागपूरच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण शिकवणाऱ्या बाई नागपुरात राहिल्या आणि शालू इथं समोर बसलेली.

“शालूताई,” तिनं डोळे न मिटता विचारलं, “खरंच मरावं वाटते का तुमाले?”

शालूचं हसू ओठांवर तसंच राहिलं. मग ते कुठंतरी गेलं. ती नखांतली माती कोरू लागली.

“दहा दिवसापासून तेच बाटली शोधून राह्यली मी,” ती म्हणाली. “वाटलं, गोपिकाच्या बाबानं वावरात नेली असन.”

रंजिता सरकून तिच्या शेजारी बसली.

“दिवाळीत पोरगं झालं. रडलंच नाई. पंधराव्या दिवशी मी सांभार-मेथीच्या जुड्या बांधायले बाजारच्या गाडीवर. घरात त्याचा कोनी विषयच नाई काढत, मॅडम. झालंच नव्हतं जसं.”

रंजितानं तिचा हात धरला. दुसऱ्या हातानं वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला, आजच आणतो म्हणून सांगितलं. मुकेशला थेट तिकडंच यायला सांगितलं. ऑटो बोलावला. तोवर एक क्षणही हात सोडला नाही.

दाराच्या फटीतून गोपिका सगळं बघत होती. ती आत आली, आईकडे न बघता रंजितापुढं उभी राहिली.

“मॅडम, आता तुमी पाह्यसान आईकडं?”

“पाहीन.”

“घरी बी?”

“घरी बी कोणी ना कोणी राहीन जवळ. मी पाहतो ते.”

पोरीनं थोडा विचार केला. “मंग मी जाऊ खेळायले?”

“जा,” रंजिता म्हणाली. गोपिका दप्तर तिथंच टाकून पळत सुटली. मैदानावर पोरांनी तिला हाक मारलेली ऐकू आली. दहा दिवसांची राखण त्या पोरीनं रंजिताच्या हवाली केली होती, आणि आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती आत्ता तिला वाटत होती.