सोळा गॅलन आणि एक डबा

१९३४ च्या उन्हाळ्यात आमची छोटी तुकडी रत्नागिरीजवळच्या सड्यावर, कातळाच्या सपाट माळावर, होती. काम किनाऱ्याचे हवाई फोटो काढण्याचे. मी सिग्नल्सचा नाईक. विमान एकच, दोन जागांचे, बरेच वापरलेले.

मॅन्युअलप्रमाणे ते ताशी ऐंशी मैल जाई आणि तासाला पाच गॅलन पेट्रोल घेई. प्रत्यक्षात ते सत्तरच्या वर जात नसे आणि सहा गॅलन पिई. हेडक्वार्टर मात्र मॅन्युअल पाहून पेट्रोल मंजूर करी: वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन येण्यास सोळा गॅलन. पायलट फ्लाइट लेफ्टनंट हार्डी तेवढ्याचाच हुकूम देत. फिटर दाऊद हा अंजनवेलच्या खलाशी घरातला. तो दोन गॅलनचा एक डबा गुपचूप जादा ओती आणि पेट्रोल सांडले असे कळवी. हार्डी त्याला कधी हटकत नसत. टाकीचा काटा अडके, त्यामुळे हवेत ते घड्याळावरून हिशेब करत.

एके दिवशी फोटोग्राफर तापाने पडला. त्याच्या जागी दाऊद निघाला. तो किडकिडीत, हा धिप्पाड. जादा डबा तसाच पाहून मी विचारले.

"आज मी आहे ना. माझेच वजन दोन डब्यांनी जास्त," तो म्हणाला. "सडा आखूड, नाईक. विमान उठायला नको?"

हार्डींना त्याने सांगितले नाही. सांगायचे तर रोजचा डबाही कबूल करावा लागला असता.

जाताना वारा पाठीशी होता. दुपारी तो वायव्येकडून जोरात सुटला, म्हणजे परतीला समोरून. उतरणाऱ्याला वारा कळावा म्हणून मी गवत पेटवले. धूर जमिनीलगत आडवा पळत होता. यायची वेळ टळली. मी गवत टाकत राहिलो. कुकने आणलेला चहा निवला. दुसरा आणला, तोही निवला. अखेर दक्षिणेला ठिपका दिसला. इंजिन ऐकू आले, मग थांबले. विमान भाट्याच्या खाडीपलीकडे समुद्रात पडले.

मच्छीमारांनी हार्डींना होडीत ओढून घेतले. दाऊद पट्ट्यात अडकून विमानाबरोबर बुडाला.

किनाऱ्यावर हार्डींनी मला एकच विचारले. "अठरा होते ना, नाईक?"

"सोळा, सर."

दुसरे विमान आले, तेव्हा हार्डींनी हुकमात अठरा लिहिले. तेव्हापासून नवा फिटर प्रत्येक डबा मोठ्याने पुकारून ओती आणि जवळ उभे राहून हार्डी तो आकडा परत म्हणत. आठपर्यंत आकडे होते. नवव्याला आकडा नव्हता.

"दाऊद," फिटर म्हणे.

"दाऊद," हार्डी म्हणत, आणि विमानात चढत.