विल्फच्या तेरा वह्या

बोट समुद्रावर निघते त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या बायका कपडे धूत नाहीत. धुतले तर माणूस वाहून जातो म्हणतात. माझा मुलगा डेनिस निघाला त्या दिवशी मी हातरुमालसुद्धा भिजवला नव्हता. तरी तो परत आला नाही. बोट बुडाली तर जीव वाचवायला एकच रबरी तराफा होता आणि तो फाटका निघाला.

तेव्हा माझ्या दारात आला तो शेजारचा विल्फ्रेड स्टॅमर, आमचा खासदार. शाळेत आम्ही एका बाकावर. मी बाराव्या वर्षी शाळा सोडून मासे चिरायला लागले, तो शिकत राहिला. म्हणाला, "नोरा, मंत्री झालो की पहिली सही तराफ्यांच्या कायद्यावर."

झाला तो छाया मंत्री. आमचा पक्ष विरोधात होता ना. सरकारच्या एकेका मंत्र्यासमोर विरोधकांनी आपला एकेक माणूस नेमायचा: खजिन्याच्या मंत्र्यासमोर एक, लष्कराच्या समोर एक. विल्फच्या वाट्याला आली शेती आणि मासेमारी. खरा मंत्री सभागृहात बोलला की यानं उठून त्याच्या चुका काढायच्या. खऱ्याला मोटार, कारकून, कचेरी. याला एक वही, आणि तीही त्याची बायको हिल्डा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची.

तेरा वर्षं, तेरा वह्या. किती बोटी, किती तराफे, कोण कसं बुडालं, सगळं त्यात. समोरचे चार मंत्री बदलले, हा तिथेच. शुक्रवारच्या गाडीनं घरी यायचा आणि मासे-बटाटे तळणाऱ्या आर्थरच्या दुकानात रांगेत उभा राहायचा. आर्थर छेडायचा, "काय मंत्रिसाहेब, सावलीला पगार किती?"

"सावलीला भूक लागत नाही, आर्थर. मला मात्र बटाटे जास्त घाल."

मग एकदाचे आम्ही निवडणूक जिंकलो. पण छाया मंत्री होता म्हणून माणूस खरा मंत्री होतोच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. पंतप्रधानांचा फोन यावा लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार विल्फ कोट घालून फोनपाशी बसला. सोमवार आमचा धुण्याचा दिवस. हिल्डानं पाणीच तापवलं नाही. नवरा कधीही निघेल, तर धुवायचं कसं? कुणी कुणाला सांगितलं नाही, पण अख्ख्या गल्लीच्या दोऱ्या रिकाम्या राहिल्या.

दुपारी फोन वाजला. मी तिथेच होते. विल्फ उठून उभा राहिला. "हो," म्हणाला. मग, "अभिनंदन, रॉडनी." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आहेत, सगळ्या आहेत. हो, सर."

रॉडनी पेल, अडतीस वर्षांचा. मंत्री तो झाला होता. त्याला तराफ्यांचा कायदा करायचा होता, आणि माहिती होती विल्फच्या वह्यांत.

"शेगडीत घाल त्या," हिल्डा म्हणाली. "तेरा वर्षं मी एकटी जेवले. त्या पोरानं काय केलं?"

"म्हातारा झालो मी, हिल्डा. तोंडावर कुणी सांगत नाही. नुसतं बोलावत नाहीत."

"म्हणून त्याच्या ताटात आयतं वाढायचं?"

विल्फ माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली. दे म्हणायला तोंड नव्हतं आणि नको म्हणवत नव्हतं. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर माझा डेनिस होता.

मंगळवारी सकाळी वह्या बॅगेत भरून विल्फ स्टेशनकडे निघाला. पोस्टानं पाठवल्या तर हरवतील म्हणाला. तो कोपऱ्यावरून वळला आणि हिल्डानं पाणी तापायला ठेवलं. तासाभरात त्याचे सगळे पांढरे शर्ट दोरीवर.

"अगं, आज तो निघालाय ना," मी म्हटलं.

"कुठे निघालाय?" ती म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.

रात्र पडायच्या आत तो परत आला. शर्टांखालून वाकून जाताना एका बाहीला हात लावला. "अजून ओलेच आहेत," एवढंच बोलला.

त्याच वर्षी थंडीत विल्फ गेला. कायदा पुढच्या उन्हाळ्यात झाला. सुनेनं पेपर वाचून दाखवला. पेलचा फोटो होता, विल्फचं नाव कुठेच नव्हतं. मी तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

आता डेनिसचा मुलगा बोटीवर जातो. बोटीवर दोन तराफे असतात, दरवर्षी तपासलेले. तो निघतो त्या दिवशी मी कपडे धूत नाही. हिल्डाही धूत नाही. तिचं तर समुद्रावर कुणीच नाही.