आधी मुर्री, मग पाडस

मित्रांनो, आज सकाळी आमच्या प्राणी बचाव संस्थेला एकदमच दोन फोन आले.

मुर्री गावात एका घरात धामण शिरली होती आणि घरमालक देणगी देणार होते. नवेगाव बांधजवळ कुत्र्यांनी चितळाच्या पाडसाला फाडलं होतं, पण ते अजून जिवंत होतं. संस्थेकडे औषधालाही पैसे नव्हते, म्हणून मी आधी मुर्रीला गेलो.

नवेगावला पोचलो, तेव्हा धानाच्या बांधीत एक बाई पाडसावर पदराची सावली धरून बसली होती. पाडस मेलेलं होतं.

"काऊन जी, इतका उशीर? आत्ताच गेलं. तुमचीच वाट पाहून राहिली होती मी."

"गाडी बंद पडली होती," मी खोटं बोललो.

"बरं," ती म्हणाली.

तिचं ते "बरं" अजून कानातून जात नाहीये. तुम्ही तिला खरं सांगितलं असतं का?