फेट्यातले बापूजी

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. ही फजिती मी कुणालाच सांगणार नव्हतो. पण बायकोनं अर्ध्या अकोल्याला सांगून टाकलीय, तेव्हा म्हटलं, निदान तुम्ही तरी माझ्या तोंडून ऐका.

मी जीवशास्त्राची शिकवणी घेतो. ‘डोळे मिटा आणि पेशी डोळ्यांसमोर आणा,’ असं वीस वर्षं पोरांना सांगत आलोय. मला स्वतःला डोळे मिटल्यावर अंधाराशिवाय काही दिसत नाही. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. ‘डोळ्यांसमोर आणा’ ही आपली नुसती बोलायची रीत!

तर सासूबाईंचे वडील, म्हणजे बापूजी. तेल्हाऱ्याकडच्या त्यांच्या गावात त्यांनी शाळेला एकरभर जमीन दिली होती. यंदा तिथं सभागृह झालं आणि त्यात बापूजींची तसबीर लावायचं ठरलं. पण फोटो आणायचा कुठून? फोटो काढला की आयुष्य कमी होतं, म्हणून बापूजींनी जन्मभर काढूच दिला नव्हता. सासूबाईंना एकच ध्यास, वडिलांचा चेहरा कुठंतरी राहावा.

“मले तं बाबा अजून...” त्या सांगू लागल्या.

आणि मी मध्ये तोंड घातलं. “आई, तुमी काळजी नका करू. मी पाह्यलं ना त्याइले लग्नात. डोयासमोर आणाचं तं माहं रोजचं काम हाय.”

जावयापुढं त्या काय बोलणार?

अमरावतीच्या एका पेंटरसमोर जाऊन बसलो.

“नाक कसं होतं?” त्यानं विचारलं.

डोळे मिटले. अंधार. “हे असं,” म्हणालो आणि बोट फिरवलं. कुठं फिरवणार? माझ्याच नाकावरून.

“मिशा?”

“अशा.” ताव दिला.

“कान?”

ओढून दाखवला. पेंटर माझ्याकडं टक लावून पाहत होता. मला वाटलं, गडी माझ्या वर्णनात रंगलाय.

“कपाळावर आठ्या?”

आठवेना. आठवता आठवता माझ्याच कपाळाला आठ्या पडल्या.

“बस, हलू नका,” तो म्हणाला.

आठवड्यानं तसबीर हातात आली. पांढरे केस, डोक्याला फेटा, आणि चेहरा इतका ओळखीचा की माझे डोळे भरून आले. “हेच ते,” म्हणून मी पेंटरला मिठी मारली.

कार्यक्रमाला सगळं गाव लोटलं होतं. पडदा सरला. मी पुढं होऊन हार घातला, हात जोडले. सभागृह एकदम चिडीचूप. मला वाटलं, लोक गहिवरले.

शेजारून बायको हळूच म्हणाली, “अहो, फेट्यात तुमी चांगले दिसता.”

पुढच्या रांगेनं ते ऐकलं. मग काय विचारता! मुख्याध्यापक खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मी मान खाली घालून त्यांच्यापुढं उभा राहिलो. “आई, डोये मिटले की मले काहीच दिसत नाही.”

“मले दिसते,” त्या म्हणाल्या. “रोज दिसते. कानाची पाळी फाटकी, डाव्या भुवईत पांढरे केस. पण मले कोणी इचारलंच कुठं, जवाईबुवा?”

लाज वाटली. आज सांगतानाही वाटते.

मग सासूबाईच अमरावतीला गेल्या. डोळे मिटून दोन तास बोलत होत्या, पेंटर काढत होता. ती तसबीर लागली त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांनी दारातच चपला काढल्या.

राहता राहिली पहिली तसबीर. “हार घातलेली तसबीर फेकत नसतात,” सासूबाई म्हणाल्या. बायकोनं ती माझ्या शिकवणीच्या खोलीतच लावली, हारासकट.

परवा एक गृहस्थ मुलीचं नाव घालायला आले. तसबीर पाहून त्यांनी हात जोडले. “तुमचे वडील काय?”

आता काय सांगणार? “हो,” म्हणालो.

त्यांनी एकदा तसबिरीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. “काय हुशार माणूस दिसून राह्यला,” ते म्हणाले. “तुमच्यात मातर काई उतरलं नाही.”

आणि मुलीला घेऊन समोरच्या शिकवणीत गेले.