मागच्या टोकाला बाळ

सकाळी ताईने दुकानाचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते तिच्या हातून हिसकावून भिंतीवर आपटलं. तिने आभाळाकडे बघून एक ठेवणीतली शिवी हासडली. ऊन असो, पाऊस असो, काच नेता येते. वारा सुटला की मात्र काचवाल्याने गपगुमान बसावं. माणसापेक्षा उंच काच घेऊन रस्त्यात पाय ठेवला की ती काच राहत नाही, होडीचं शीड होते. शीड फाटलं तर निदान शिवता तरी येतं.

आणि नेमकी आज शाळेच्या जिन्यावरची मोठी काच बसवायची होती. कापून, कडा घासून ती लाकडी घोडीवर टेकवून तयार होती. शाळेचा शिपाई दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा ताईने त्याला आधी स्वतःची टोपी सांभाळायला सांगितलं.

मग बारीक कामं काढली. ताई मेजावर वाकून आरशांच्या पट्ट्या कापू लागली. काच कापायचा हिरा एकदाच ओढायचा, कर्र आवाज येतो, मग कडेला अंगठा देऊन टचकन तोडायचं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत, पण उरलेली आठ त्यांच्याही वाटणीचं काम करत. पलीकडे तिचा धाकटा भाऊ खिडकीच्या चौकटीत भरायची लांबी मळत होता. तेलाचा वास दुकानभर पसरला होता.

भावाला सगळे बाळ म्हणत. जन्मला तेव्हा आईने म्हटलं, मग ताईने म्हटलं, मग गल्लीने. तो वाढत गेला आणि नाव तिथंच राहिलं. आता वय छत्तीस, उंची साडेसहा फूट, आणि कपाळावर गावातल्या बहुतेक चौकटींच्या खुणा. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेला की घरातली पोरं त्याचं डोकं आपटायची वाट बघत बसत. तोही त्यांना निराश करत नसे.

दहाच्या सुमाराला शिंपीकाका आले. ते गल्लीच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक, आणि जर्सीही त्यांच्याच मशीनवर शिवलेल्या. बाळची जर्सी खांद्यावर टाकून आणली होती. हात वर केले की ती पोटावरून वर सरकायची आणि लोक हसायचे, म्हणून त्यांनी खाली पट्टी जोडली होती. निळ्या जर्सीला हिरवी पट्टी. निळं कापड संपलं होतं.

बाळ हात धुवायला मागे गेला तसा काकांचा आवाज खाली आला. ताईला म्हणाले, संध्याकाळी पुलापलीकडच्या संघाशी सामना आहे, जिंकलो तर वरच्या गटात. संघाच्या अध्यक्षांनी मात्र बाळला स्पष्ट सांगून टाकलंय, आज हरलो तर पुढच्या वर्षी तो बाकावर, पाणी द्यायला. चौदा वर्षं बास्केटखाली सेंटरला खेळतोय आणि सामन्याला चार गुण करत नाही. कधी दोन, कधी भोपळा. एवढ्या उंचीचा उपयोग काय, छताची जळमटं काढायला?

ताईने हिरा खाली ठेवला. बाळ तिला यातलं एक अक्षर बोलला नव्हता. चौदा वर्षांत ती एकही सामना बघायला गेली नव्हती. दुकान कुणी बघायचं? शिवाय न फुटणाऱ्या वस्तूमागे दहा माणसं धावतात याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

"वाऱ्यात काच उचलता येत नाही," ती म्हणाली. "येते मी संध्याकाळी."

सभागृह गच्च भरलं होतं. जागा मिळाली ती अध्यक्षांच्या शेजारी. अध्यक्षांचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि ताईशी त्यांची जुनी चिडवाचिडवी. ताई म्हणे, तुमच्या काचा खिशात मावतात. ते म्हणत, म्हणून तर आमचे खिसे भरलेले असतात. आज त्यांच्या मांडीवर कागद होता. कुणी किती गुण केले ते त्यावर लिहायचं.

शिट्टी वाजली, चेंडू उडाला, आणि पहिली पाच मिनिटं ताईला घामच फुटला. अध्यक्षांचं बरोबर होतं. बाळ काहीच करत नव्हता. सगळे धावत होते, उड्या मारत होते, आणि हा आपल्या बास्केटखाली दोन्ही हात जरा पसरून उभा, बस चुकलेल्या माणसासारखा.

पलीकडच्या संघात एक बुटका होता, त्याला सगळे भिंगरी म्हणत. पायात स्प्रिंगा बसवल्यासारखा. तो दोघांना चकवून सुसाट आत घुसला. सगळं सभागृह उठलं. आणि मग भिंगरीने मान वर करून बाळकडे पाहिलं, करकचून ब्रेक लावला आणि आल्या पावली चेंडू बाहेर फेकून दिला.

ताई पुढे सरकून बसली.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला भिंगरीने हिंमत करून चेंडू टाकला, पण बाळच्या हातावरून जावा म्हणून इतका उंच टाकला की तो बास्केटच्या पलीकडे जाऊन पडला. बाळने त्याला हातही लावला नव्हता. अध्यक्षांच्या कागदावर काही उमटलं नाही.

मग एक दांडगा थेट अंगावर आला. बाळचा हात वर गेला आणि चेंडू वर जाता जाताच त्याने अडवला. ताईने इतरांनाही अडवताना पाहिलं होतं. थोबाडीत मारल्यासारखा हाणायचे, चेंडू प्रेक्षकांत, लोक खूश, आणि परत चेंडू समोरच्या संघाचाच. बाळने हाणला नाही. पंजा चेंडूच्या मागे नेला, हाताने थोडी माघार घेतली आणि वजन हळूच उतरवून घेतलं. गाडीवरून खाली येणारी काच घेतो तसं. आणि त्याच क्षणी त्याचा आवाज आला: "घेतली."

हा शब्द तर दुकानातला.

काचेला दोन माणसं लागतात. पुढच्या टोकाला ताई, मागच्या टोकाला बाळ. एकाने दुसऱ्याच्या हातात काच द्यायची तर समोरचा 'घेतली' म्हणेपर्यंत सोडायची नाही. वडील गेले तेव्हा ताई बावीसची होती आणि बाळ सोळाचा. पहिल्याच मोठ्या काचेला त्याने घाईघाईत 'घेतली' म्हटलं, अजून पकड बसली नव्हती. ताईने सोडली. काच निसटली तशी तिने परत हात घातला आणि दोन बोटांच्या शिरा तुटल्या. बाळ आठ दिवस कुणाशी बोलला नाही. त्यानंतर वीस वर्षांत वजन तळव्यात बसल्याशिवाय त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. ताई कितीही ओरडली तरी.

इथे कोर्टावरही तोच कायदा चालला होता. शब्द ऐकला रे ऐकला की पोस्टमन मागे न बघता सुटायचा. पोस्टमन संघातला सगळ्यात चपळ. दिवसभर कुत्र्यांपुढे पळायची सवय. बाळ चेंडू लांब फेकायचा आणि पोस्टमन धावता धावता झेलून बास्केट करायचा. कागदावर गुण पोस्टमनच्या नावावर.

मध्यंतराला बाळचा संघ अकराने पुढे होता. बाळचे गुण शून्य. अध्यक्षांनी कागद ताईला दाखवला, बघा म्हणाले, मी काही मनाचं सांगत नाही. ताईने बाकाची कड घट्ट धरून ठेवली होती.

मध्यंतरानंतर पुलापलीकडच्यांनी डाव बदलला. बाळच्या अंगावर जाऊन आदळायचं आणि पडायचं. पाच फाउल झाले की माणूस बाहेर. बघता बघता बाळचे चार झाले. शिंपीकाकांनी कपाळाला हात लावला आणि त्याला बाकावर बसवलं. त्याच्या जागी नवा सेंटर आला. तरणाबांड, नेमबाज, अध्यक्षांनी निवडलेला. आल्या आल्या त्याने दोन बास्केट केले. अध्यक्षांची पेन्सिल नाचायला लागली.

आणि इकडे घराचं मागचं दार उघडं राहावं तसं झालं. भिंगरी आत आला, थांबला नाही. पुन्हा आला. दांडगा आला. जो तो सासुरवाडीला आल्यासारखा बिनधास्त येऊन गुण करून जायला लागला. पण ताई बघत होती ते वेगळंच. इतका वेळ पुढे झेपावून चेंडू हिसकावणारे आपले चौघे आता एक पाऊल मागे होते. पोस्टमन दर दोन पावलांनी मान वळवून मागे बघत होता.

"तुमच्या कागदावर हे कुठं लिहिता?" ताईने विचारलं.

"काय?"

"पोस्टमन मागे बघतोय ते."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. असा रकाना नसतो म्हणाले.

"मागचं टोक ढिलं असलं ना, की पुढच्याला सरळ चालता येत नाही," ताई म्हणाली. "फुटली की अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. न फुटता गेलेली काच कुणाला ऐकू आलीये का कधी?"

अध्यक्षांची पेन्सिल थांबली होती. अकराची आघाडी तीनवर आली, मग दोनवर, मग पुसली गेली, आणि तीन मिनिटं उरली असताना पुलापलीकडचे चारने पुढे होते.

शिंपीकाकांनी बाळच्या पाठीवर थाप मारली. तो उठला. सभागृहात असा आवाज झाला की छताचे पत्रे थरथरले.

आता एक फाउल आणि खेळ खलास. सगळ्यांना वाटलं हा हात मागे बांधून उभा राहील. बाळने उडीच मारली नाही. पाय रोवले, दोन्ही हात सरळ वर केले आणि उभा राहिला. जर्सी हिरव्या पट्टीसकट वर सरकली, पोट उघडं पडलं, पण हसलं कुणीच नाही. दांडगा आत आला, त्या हातांकडे बघून चेंडू उंच टाकला, हुकला. भिंगरी कोपऱ्यातून आला, थबकला, बाहेर. इकडे पोस्टमन पुन्हा एक पाऊल पुढे उभा राहायला लागला होता. त्याने एक चेंडू हिसकावला, बास्केट. मागे बघणं बंद. मग आणखी एक. गुण सारखे. ताई उभी होती. कधी उठली तिलाच कळलं नाही. अध्यक्षांचा कागद खाली पडला होता आणि त्यावर त्यांचाच बूट होता.

आठ सेकंद उरले. चेंडू भिंगरीकडे. आता माघार नव्हती. शेवटचा डाव त्यालाच खेळायचा होता. त्याने पोस्टमनला डावीकडे चकवलं आणि थेट बाळवर आला. पोस्टमन मधल्या रेषेकडे तोंड करून अडकला. पळावं, तर भिंगरी मागे एकटा सुटतो. न पळावं, तर वेळ संपतो. शब्द आला तरच पळायचं.

भिंगरी उडाला. बाळने चौथ्या फाउलनंतर पहिल्यांदाच टाच उचलली.

ताईला चेंडू दिसतच नव्हता. तिला दिसत होते खांदे. वीस वर्षं काचेच्या आरपार बघितलेले. पकड बसणार असली की त्याचा उजवा खांदा बोटभर खाली येतो, मान आत जाते, आणि मग कितीही वजन असो, ते खाली येत नाही. खांदा खाली आला.

"घेतली," ताई ओरडली.

उभ्या आयुष्यात ती इतक्या मोठ्याने ओरडली नव्हती. शब्द पोस्टमनच्या पाठीवर आसूड बसावा तसा बसला आणि तो सुटला. बाळचा पंजा चेंडूला भिडला तेव्हा पोस्टमन दोन-तीन पावलं पुढे निघूनही गेला होता. शिट्टी वाजली नाही, फाउल नव्हता. बाळने वजन उतरवून घेतलं, जमिनीवर आला आणि दोन्ही हातांनी चेंडू लांब फेकला. पोस्टमनने झेलला, एक टप्पा, दोन पावलं, आणि चेंडू कड्यावरून फिरत आत पडत असतानाच वेळ संपल्याचा भोंगा झाला.

पुढची पाच मिनिटं कुणी कुणाला मिठी मारली याचा हिशेब लागला नाही. अध्यक्षांनी ताईलाच मारली आणि मग चष्मा शोधत बसले. पोस्टमनला गोंगाटात आवाज ओळखू आला नव्हता; तो लोकांच्या खांद्यांवरून ओरडून सांगत होता, बाळने काय वेळेवर सांगितलं, एक श्वास उशीर झाला असता तर गेलो होतो. बाळ घामाने निथळत उभा होता. गर्दीतून वाट काढत तो सरळ ताईसमोर येऊन उभा राहिला.

"ताई, मी अजून घेतली नव्हती."

"माहीत आहे."

"मग बोललीस कशी? निसटली असती तर?"

ताईने त्याच्या उजव्या खांद्यावर, जिथवर तिचा हात पोचला तिथवर, एक चापट मारली. "निसटली असती तर हात घातला असता परत," ती म्हणाली. "आठ बोटं आहेत अजून."

बाळने मान खाली घातली आणि जर्सीच्या हिरव्या पट्टीने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

तेवढ्यात शिंपीकाका आले, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. म्हणाले, हात वर कर. अध्यक्षांचा हुकूम आहे, पुढच्या वर्षीची जर्सी एक वीत लांब शिवायची, आणि कापड एका रंगाचं घ्यायचं, खर्चाचं बघू नका. त्यांनी माप घेतलं, दोनदा घेतलं, कारण पहिल्या वेळेला त्यांनाच नीट दिसत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा वारा पडला होता. झाडाचं पानही हलत नव्हतं. उजेड अजून तासभर टिकणार होता. पोस्टमन आणि मंडळी चहाला ओढत होती. बाळ जायला निघालाही होता, पण ताई रस्त्याच्या मधोमध थांबून आभाळाकडे बघत राहिली तशी त्याने ओळखलं.

"शाळा?" त्याने विचारलं.

"शिपाई तिसऱ्यांदा येऊन गेला असेल. आणि लांबी मळून ठेवलीयेस ती घट्ट झाली असेल, तिला परत जरा तेल लागेल."

दुकानात शिरताना बाळचं डोकं चौकटीला आपटलं. त्याने हातमोजे चढवले, घोडीच्या मागच्या बाजूला गेला आणि गुडघे वाकवले. ताईने पुढचं टोक धरलं आणि पायाने दार उघडं ढकललं.